माँट्रियलच्या संघातली नावे

खेळाच्या संघाचा इतिहास चषक मोजून लिहिण्याची रीत आहे. त्या हिशेबाने कॅनडातील ‘माँट्रियल कॅनेडियन्स’ हा आइस हॉकी संघ अव्वल ठरतो. त्याने स्टॅनले चषक 24 वेळा जिंकला, शेवटचा 1993 साली. मला मात्र त्याच्या खेळाडूंची यादी अधिक बोलकी वाटते. कोण कुठल्या गावचा आणि कुठल्या भाषेचा, एवढे दोन प्रश्न घेऊन ती वाचली, तरी क्युबेक प्रांताचा शतकभराचा इतिहास उलगडत जातो.

डिसेंबर 1909 मध्ये हा संघ निघाला, तो अ‍ॅम्ब्रोज ओब्रायन या इंग्रजीभाषक उद्योजकाच्या पैशावर. फ्रेंच प्रेक्षकांसाठी फ्रेंच खेळाडू, असा व्यवहारी हिशेब त्यामागे होता. जॅक लाव्हिओलेट आणि न्यूझी लालाँद हे सुरुवातीचे दोघेही जन्माने शेजारच्या ऑन्टारियो प्रांतातले. तेव्हा नाते जुळवले गेले ते भाषेचे, प्रांताचे नव्हे. पुढच्या वर्षी क्युबेकमधील शिकुतिमीचा गोलरक्षक जॉर्ज व्हेझिना आला. क्षयाने ग्रासलेल्या व्हेझिनाने नोव्हेंबर 1925 मध्ये सामना अर्ध्यावर सोडला आणि चार महिन्यांतच तो गेला.

भाषेची ही चौकट कधीच पुरती बंद नव्हती. 1923 साली आलेला हॉवी मोरेंझ ऑन्टारियोचा, इंग्रजीभाषक. तरीही 1937 मध्ये तो वारला तेव्हा अंत्यदर्शनाला हजारो माँट्रियलकर लोटले. मोरिस रिशार मात्र माँट्रियलचाच, कामगाराचा मुलगा. मार्च 1955 मध्ये लीगचे इंग्रजीभाषक अध्यक्ष क्लॅरन्स कॅम्बेल यांनी त्याला उरलेल्या हंगामासाठी बाहेर काढले आणि 17 तारखेच्या रात्री शहरात दंगल उसळली. शिक्षा एका खेळाडूला झाली होती. अपमान झाल्याचे फ्रेंच समाजाला वाटले.

यादी बदलली ती एका नियमाने. पूर्वी कुमार संघ पोसून होतकरू पोरे लहानपणीच बांधून ठेवता येत. 1963 पासून नव्या खेळाडूंची निवड पाळीपाळीने होऊ लागली आणि दशकअखेरीस जुनी पद्धत संपली. मग क्युबेकच्याच गी लाफ्लरला 1971 मध्ये घेण्यासाठी या संघाला दुसऱ्या संघाची पाळी आधी सौद्यात मिळवावी लागली. पुढे अमेरिका, फिनलंड, रशिया इथले खेळाडूही आले.

10 मे 2021 रोजी संघाच्या इतिहासात प्रथमच क्युबेकमध्ये जन्मलेला एकही खेळाडू मैदानात नव्हता. त्याआधी, डिसेंबर 2011 मध्ये, फ्रेंच न येणारा प्रशिक्षक नेमला म्हणून मोठा गदारोळ झाला होता. या दोन घटना मी शेजारी ठेवून पाहतो. खेळाडू कुठलेही चालतील, पण संघाने आपल्याशी बोलावे ते आपल्या भाषेत, एवढा एक हक्क लोकांनी अजून सोडलेला नाही.