नाशिकच्या पश्चिम पट्ट्यातील खेकडा : नोंदीबाहेरचे अन्न

इगतपुरी, त्र्यंबकेश्वर, पेठ व सुरगाणा या तालुक्यांतील आदिवासींच्या आहाराची चर्चा बहुधा नागली-वरईवरच थांबते. वस्तुतः आषाढात कणगी रिकामी होऊ लागली की ओहोळातील खेकड्याचा मोठा आधार असे. पावसाळी रात्री उजेडाने दिपलेला खेकडा पाठीवरून दाबून धरतात. नांग्या मोडून, पाय ठेचून त्यांचा गाळलेला रस कालवणात घालतात. पिल्ले मादीच्या पोटाखालीच वाढत असल्याने अशी मादी पकडल्यास सारी वीण नष्ट होते. महसुली दप्तरे पीक व सारा मोजतात. त्यांत खेकडा कोठून येणार? हा इतिहास मौखिक साधनांवरूनच लिहावा लागेल. शासनस्तरावर खेकड्याचे नाव गाजले ते २०१९ मध्ये, रत्नागिरी जिल्ह्यातील तिवरे धरण फुटले तेव्हा. तेही तत्कालीन जलसंधारणमंत्र्यांनी ठरविलेला आरोपी म्हणून!