टायर पॉलिश : निवड, वापर आणि मर्यादा

खंडेनवमी आणि दसऱ्याच्या सुमारास गोमंतकातील वॉशिंग सेंटरांवर गाड्यांची रीघ लागते. गाडी धुऊन, पुसून, आतून झाडून झाली की शेवटचा हात टायरांवर फिरतो. स्पंजाच्या एका तुकड्याने टायर काळेभोर होतात आणि दहा वर्षांची गाडीही शोरूममधून आताच बाहेर पडल्यासारखी दिसू लागते. टायर पॉलिश, टायर शाईन, टायर ड्रेसिंग अशा निरनिराळ्या नावांनी विकले जाणारे हे द्रव्य वाहनाच्या निगेतील बहुधा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत चटकन फळ दाखवणारे साधन असावे.

मात्र त्या बाटलीत नेमके काय असते, ते टायरच्या कोणत्या भागावर लावावे आणि कोणत्या भागावर मुळीच लावू नये, याची विचारपूस फारसे कोणी करत नाही. चुकीचे द्रव्य रबराला अपाय करते. चुकीच्या जागी लागलेले द्रव्य ब्रेकची पकड कमी करते. आणि भरपूर चकाकी असली की म्हातारे झालेले टायरही पाहणाऱ्याच्या नजरेतून सुटतात. यास्तव टायर पॉलिशचा विचार करताना सौंदर्याबरोबर सुरक्षिततेचाही विचार करणे भाग आहे.

टायर काळा का, आणि तपकिरी का होतो?

नैसर्गिक रबराचा रंग फिकट असतो. मोटारयुगाच्या आरंभीचे टायरही तसेच फिकट असत. १९१०च्या दशकापासून रबरात कार्बन ब्लॅक, म्हणजे अतिसूक्ष्म काजळी, मिसळण्याची पद्धत रूढ होऊ लागली. या काजळीमुळे रबर झिजेला कितीतरी पटींनी अधिक तोंड देऊ लागले आणि सूर्यप्रकाशातील अतिनील किरणे शोषून घेण्याची शक्तीही त्यात आली. टायरचा काळा रंग शोभेसाठी दिलेला नसून तो त्याच्या बळकटीचा भाग आहे.

रबराचा दुसरा शत्रू म्हणजे हवेतील ओझोन. ताणलेल्या रबरावर ओझोनचा परिणाम होऊन बारीक चिरा पडतात. हे टाळण्यासाठी उत्पादक टायरच्या मिश्रणात ओझोनरोधक रसायने आणि विशिष्ट मेण घालतात. चाक फिरताना टायरची बाजू सतत दबते व पूर्ववत होते. या हालचालीमुळे ही द्रव्ये हळूहळू पृष्ठभागाकडे येऊन तेथे पातळ थर धरतात. ओझोनशी अभिक्रिया झाल्यावर तो थर तपकिरी पडतो. आपण ज्याला मळ समजतो त्यातील बराचसा भाग, रबराचे रक्षण करताना खर्ची पडलेल्या या द्रव्यांचा असतो. गोव्यात त्यात जांभ्या मातीची तांबडी धूळ आणि ब्रेकमधून उडणारी काळी भुकटी यांची भर पडते.

ही संरक्षक द्रव्ये बाहेर येण्यासाठी गाडी चालती राहणे आवश्यक असते. घरातील कर्ता माणूस आखातात किंवा बोटीवर नोकरीला असल्यामुळे सहा-सहा महिने अंगणात उभ्या राहणाऱ्या गाड्या गोव्यात पुष्कळ आहेत. अशा गाडीचे टायर फारसे झिजलेले नसतात, पण त्यांच्या बाजूंना चिरा पडलेल्या आढळतात. गाडी अधूनमधून थोडे अंतर चालवणे आणि ती सावलीत ठेवणे हा त्यावरचा साधा उपाय आहे. वरून लावलेले कोणतेही पॉलिश ही उणीव भरून काढत नाही.

बाजारातील प्रकार

पाण्यावर आधारलेले पॉलिश : हे द्रव्य बहुधा दुधासारखे पांढरे असते. सिलिकॉनचे सूक्ष्म थेंब पाण्यात मिसळून ते तयार करतात. ते वाळल्यावर टायरला नव्या टायरसारखी मंद, कोरडी काळिमा येते. दोन हात दिल्यास चमक थोडी वाढते. हे द्रव्य रबराला सौम्य असते आणि त्यावर धूळही कमी बसते. मात्र ते फार दिवस टिकत नाही; पावसाच्या काही सरींत ते धुऊन जाते.

द्रावकावर आधारलेले पॉलिश : हे पारदर्शक आणि तेलकट असते व त्याला पेट्रोलियमचा वास येतो. बाटलीवर ज्वालेचे चिन्ह असल्यास ते याच प्रकारातील समजावे. ओल्या टायरसारखी लखलखीत चमक याच प्रकाराने येते आणि ती अधिक काळ टिकते. परंतु पेट्रोलियम द्रावक रबर किंचित फुगवतात आणि वारंवारच्या वापराने त्यातील संरक्षक मेण व रसायने बाहेर ओढून घेतात. चिकट थरावर धूळही झपाट्याने साचते. खाणपट्ट्यात किंवा कच्च्या रस्त्याला राहणाऱ्यांच्या गाडीचे टायर असे पॉलिश लावल्यावर दोन दिवसांत तांबडे दिसू लागतात, त्याचे कारण हेच.

फवाऱ्याचा डबा : हा वापरायला सोपा असतो, पण फवारा टायरपुरता मर्यादित राहत नाही. तो चाकाच्या आऱ्यांतून थेट ब्रेकच्या चकतीपर्यंत पोहोचू शकतो.

कोटिंग : हे द्रव्य टायरवर वाळून कडक पापुद्रा धरते आणि काही महिने टिकते. ते महाग असते आणि टायर अगदी निर्मळ केल्याशिवाय नीट धरत नाही. हौशी वाहनधारकांनी वापरण्याजोगा हा प्रकार आहे.

घरगुती उपायांपैकी पाण्यात मिसळलेले ग्लिसरीन रबराला अपाय करत नाही. ते पहिल्याच पावसात वाहून जाते, इतकेच. डिझेल, रॉकेल किंवा गाडीतून काढलेले जुने इंजिन ऑइल मात्र टायरला कधीही लावू नये. ही खनिज तेले नैसर्गिक रबरात मुरून ते फुगवतात आणि मऊ करतात. त्या दिवशी टायर चमकतो खरा, पण वारंवारच्या वापराने त्याचे आयुष्य घटते. गाडी धुवायला देताना टायरला काय लावणार, असे विचारून घेण्यात संकोच बाळगू नये. बाटली दाखवता येत नसेल तर काहीही न लावण्यास सांगावे.

सिलिकॉनविषयी अनेकांच्या मनात धास्ती असते. रबराला मुख्य धोका पेट्रोलियम द्रावकाचा असतो. सिलिकॉन स्वतः बरेच निष्क्रिय द्रव्य आहे. त्याचा खरा उपद्रव रंगकामात होतो. पत्र्यावर सिलिकॉनचा अंश राहिला तर नवा रंग तेथे नीट बसत नाही व बारीक खड्डे पडतात. गाडी रंगवायला द्यायची असेल तर आधी काही दिवस टायर पॉलिश टाळलेले बरे. ‘अतिनील किरणांपासून संरक्षण’ हा बाटलीवरील दावाही माफक अर्थानेच घ्यावा. ते काम टायरमधील काजळी मुळातच करत असते.

लावण्याची रीत

पॉलिश कसे दिसेल आणि किती टिकेल, हे बहुतांशी आधीच्या साफसफाईवर अवलंबून असते. गाडी सावलीत उभी करावी आणि टायर गार होऊ द्यावेत. प्रथम चाक व टायरवर पाण्याचा जोरदार फवारा मारून चिखल व वाळू काढावी. त्यानंतर कार शॅम्पू किंवा टायरसाठीचे क्लीनर लावून ताठ नायलॉनच्या ब्रशने टायरची बाजू घासावी. पहिला फेस तपकिरी निघेल. तो धुऊन टाकून पुन्हा घासावे. फेस पांढरा निघू लागला की जुने पॉलिश व मळ निघाले असे समजावे. तारेची घासणी, आम्ल किंवा पेट्रोल यांचा वापर करू नये.

धुतल्यावर टायर पूर्ण कोरडा होणे महत्त्वाचे असते. अक्षरांच्या आणि नक्षीच्या खोबणीत पाणी राहिले तर पॉलिशचे डाग पडतात आणि ओघळ येतात. जुन्या फडक्याने टिपून दहा-पंधरा मिनिटे वारा लागू द्यावा.

पॉलिश टायरवर न ओतता स्पंजावर घ्यावे. एका टायरसाठी रुपयाच्या नाण्याएवढे दोन-तीन ठिपके पुरेसे होतात. चाकाच्या धातूच्या कडेपासून सुरुवात करून बाहेरच्या दिशेने पातळ थर द्यावा आणि रस्त्याला टेकणारा भाग सुरू होण्यापूर्वी हात थांबवावा. दहा ते पंधरा मिनिटांनी कोरड्या फडक्याने जास्तीचे द्रव्य पुसून घ्यावे. ही शेवटची पायरी बहुतेक ठिकाणी गाळली जाते. पुसले नाही तर गाडी वेगात येताच टायरवरील द्रव्य उडून दारांवर आणि मडगार्डवर काळे ठिपके पडतात. अधिक चमक हवी असल्यास जाड थर देण्याऐवजी पहिला वाळल्यावर दुसरा पातळ थर द्यावा. त्यानंतर शक्य असल्यास अर्धा-एक तास गाडी हलवू नये.

जेथे लावू नये

टायरचा रस्त्याला टेकणारा नक्षीचा भाग हे पहिले निषिद्ध स्थान. मोटारीचा प्रत्येक टायर रस्त्याला टेकतो तो जेमतेम तळहाताएवढ्या जागेवर. गाडी थांबवणे, वळवणे, सावरणे हे सारे त्या चार तळहातांवर अवलंबून असते. तेथे तेलकट थर असणे म्हणजे घसरण्यास निमंत्रण होय.

दुसरे स्थान ब्रेकची चकती. तेथे फवारा उडाल्याचा संशय आला तर ब्रेक क्लीनरने चकती स्वच्छ करावी, मोकळ्या जागी मंद वेगात ब्रेक तपासावा आणि शंका उरल्यास मेकॅनिककडून पाहून घ्यावे. क्लच, ब्रेक व ॲक्सिलरेटरची पेडले, स्टिअरिंग आणि पायाखालची रबरी मॅट यांनाही हे पॉलिश लावू नये.

तिसरा निषेध दुचाकींचा, आणि तो संपूर्ण आहे. दुचाकीचा टायर गोलाकार असतो आणि वळणावर गाडी कलली की त्याची कड रस्त्यावर येते. तेथे लावलेले पॉलिश नेमके त्याच क्षणी चाकाखाली सापडते. स्कूटर, मोटारसायकल आणि रोज प्रवासी घेऊन फिरणाऱ्या पायलटांच्या दुचाकी यांचे टायर साबण-पाण्याने धुवावेत. त्यांना दुसरे काही लावू नये.

पावसाळ्यातील विचार

गोव्यात वर्षाकाठी सरासरी सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातील बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. या काळात पॉलिशवर खर्च करण्यात फारसा अर्थ नसतो. ओल्या रस्त्यावर टायर आणि डांबर यांच्यामधील पाणी बाजूला सारण्याचे काम नक्षीच्या खाचा करतात. त्या उथळ झाल्या की वेगात गाडी पाण्याच्या थरावर तरंगते आणि स्टिअरिंग व ब्रेक दोन्ही निरुपयोगी ठरतात. चोर्ला किंवा अनमोड घाटात पावसात उतरणाऱ्या गाडीला टायरची चकाकी काही मदत करत नाही. पॉलिशची हौस चवथीनंतरच्या कोरड्या महिन्यांत भागवावी आणि पावसापूर्वी नक्षीची खोली तपासावी.

चकाकीच्या आड काय पाहावे

पॉलिशचा सर्वांत मोठा तोटा जुनी गाडी घेणाऱ्याला होतो. काळाभोर टायर पाहून तो ‘टायर नवे आहेत’ असे धरून चालतो. वास्तविक चमकणारा टायर चांगला असेलच असे नाही आणि तपकिरी पडलेला टायर वाईट असेलच असेही नाही. म्हणून गाडी पाहायला जाताना ओले फडके सोबत न्यावे, टायरची बाजू पुसावी आणि मग पुढील गोष्टी तपासाव्यात.

नक्षीच्या खाचांच्या तळाशी १.६ मिलिमीटर उंचीचे लहान उंचवटे असतात. त्यांची जागा टायरच्या कडेला त्रिकोणाने किंवा ‘टीडब्ल्यूआय’ या अक्षरांनी दर्शवलेली असते. नक्षी झिजून या उंचवट्यांच्या पातळीला आली की टायर बदलणे अपरिहार्य ठरते. टायरचे वय बाजूवरील चार अंकी आकड्यावरून कळते. ‘२३१९’ असा आकडा असेल तर तो टायर २०१९च्या तेविसाव्या आठवड्यात तयार झाला. हा आकडा बऱ्याचदा टायरच्या एकाच बाजूला असतो; बाहेरून दिसला नाही तर आतील बाजू पाहावी. पाच वर्षांनंतर दरवर्षी टायरची जाणकाराकडून तपासणी करावी आणि नक्षी शिल्लक असली तरी दहा वर्षांपलीकडे टायर वापरू नये. डिकीतील जादा चाकालाही हाच नियम लागू आहे.

बाजूला फुगवटा असेल तर आतील धागे तुटलेले असतात. असा टायर लगेच काढावा. बारीक चिरा बोटाने टायर किंचित दाबला की स्पष्ट दिसतात. त्या खोल असल्यास टायरचा भरवसा धरू नये. एकाच कडेला अधिक झीज असेल तर चाकांचे अलाइनमेंट बिघडलेले असण्याची शक्यता असते.

स्वतःच्या गाडीच्या बाबतीत पॉलिश लावण्याचा हा अर्धा तास याच तपासणीसाठी उपयोगात आणता येतो. हातात ब्रश घेऊन टायरच्या इतक्या जवळ आपण एरवी कधी बसत नाही. घासताना नक्षीत अडकलेला खिळा दिसतो, चीर बोटाला लागते, व्हॉल्व्हचे टोपण हरवल्याचे कळते. टायर गार असतानाच हवेचा दाब मोजून तो ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर किंवा इंधनाच्या झाकणामागे दिलेल्या आकड्याशी पडताळून घ्यावा. ही तपासणी पूर्ण झाली आणि टायर निर्दोष आढळला, तर मग हवे ते पॉलिश बेताने लावावे. दोष आढळला, तर पॉलिशची बाटली बाजूला ठेवून आधी टायरचे दुकान गाठावे.