एकच ऑफिस, दोन बॉस: ब्रिटिश आणि अमेरिकन विनोदात नेमका फरक काय?

मायकल स्कॉट हे नाव ऐकलं नसेल, तरी त्याचा चेहरा तुम्ही नक्की पाहिला असेल. नावडता सहकारी ऑफिसात परत आलेला पाहून जिवाच्या आकांताने ‘नाही, नाही’ म्हणून ओरडणारा, सूट-टायमधला तो माणूस. सोमवारच्या सकाळपासून परीक्षेच्या निकालापर्यंत त्याचं जीआयएफ कशावरही चालतं.

हा मायकल म्हणजे अमेरिकन ‘द ऑफिस’ मालिकेतला बॉस. पण हे पात्र मुळात ब्रिटिश. तिकडे त्याचं नाव डेव्हिड ब्रेंट. दोघंही कागद विकणाऱ्या कंपनीच्या एका शाखेचे मॅनेजर. दोघांनाही वाटतं की आपण फार विनोदी आहोत आणि स्टाफचा आपल्यावर फार जीव आहे. तरीही एकाचं जे होतं, ते दुसऱ्याचं होत नाही. ब्रिटिश आणि अमेरिकन विनोदातला फरक समजून घ्यायला या दोघांइतकं सोपं उदाहरण सापडणार नाही.

आधी मूळ मालिका

रिकी जर्व्हेस आणि स्टीफन मर्चंट या दोघांनी लिहिलेली आणि दिग्दर्शित केलेली ‘द ऑफिस’ जुलै २००१ मध्ये बीबीसी टूवर सुरू झाली. ठिकाण लंडनजवळचं स्लाव नावाचं शहर. ६ एपिसोडचे दोन सीझन आणि २००३ च्या नाताळातला दोन भागांचा शेवट, एवढीच ही मालिका. एकूण १४ एपिसोड.

ब्रेंटची भूमिका स्वतः जर्व्हेसने केली. ऑफिसवर डॉक्युमेंटरी बनतेय, अशी कल्पना आहे. कॅमेरा दिसला की ब्रेंटच्या अंगात येतं. तो जोक मारतो, कोणी हसत नाही, आणि कॅमेरा तिथून हलतही नाही. पार्श्वभूमीला रेकॉर्ड केलेलं हसू नाही, संगीत नाही. त्या शांततेत त्याच्या जागी बघणाऱ्यालाच लाज वाटू लागते.

पुढे ब्रेंटची नोकरी जाते. दुसऱ्या सीझनच्या शेवटी तो वरिष्ठांपुढे अक्षरशः हात जोडतो, मला काढू नका म्हणतो. तिथे हसू थांबतं. नाताळच्या भागात तो गाडीतून मालाची विक्री करत फिरताना दिसतो. टीव्हीमुळे मिळालेली थोडीशी प्रसिद्धी तो पबमध्ये हजेऱ्या लावून वापरतो, आणि तिथेही त्याची टिंगलच होते.

अमेरिकेत गेल्यावर काय झालं?

२००५ च्या मार्चमध्ये एनबीसी चॅनेलवर अमेरिकन आवृत्ती आली. ती ग्रेग डॅनियल्सने घडवली. ऑफिस पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या स्क्रँटन शहरात आलं आणि मायकलची भूमिका स्टीव्ह कॅरेलने केली. पहिला एपिसोड बराचसा मूळ ब्रिटिश पटकथेवरून घेतलेला होता. जेलीत बुडवलेलं स्टेपलर तेच, रिसेप्शनिस्टला नोकरीवरून काढल्याचं खोटं नाटकही तेच.

६ एपिसोडचा पहिला सीझन फारसा जमला नाही. प्रेक्षक घटत गेले. मग दुसऱ्या सीझनपासून मायकल बदलला. केस नीट झाले, कपडे बरे झाले, पण खरा बदल स्वभावात होता. तो आगाऊ राहिला, बालिश राहिला, पण दुष्टपणा कमी झाला. विक्रीचं काम त्याला खरंच उत्तम जमतं, हे दाखवलं गेलं. त्याचा आगाऊपणा एकटेपणातून येतो, हेही दिसू लागलं.

याचं चांगलं उदाहरण तिसऱ्या सीझनमध्ये आहे. रिसेप्शनिस्ट पॅमच्या चित्रांचं प्रदर्शन असतं. ऑफिसातलं जवळजवळ कोणीच येत नाही, आणि जो येतो तो तिच्या पाठीमागे चित्रांना नावं ठेवतो. पॅम आवराआवर करत असताना मायकल पोहोचतो. त्याला ती चित्रं मनापासून आवडतात. ऑफिसच्या इमारतीचं चित्र तो विकत घेतो. एरवी नको तिथे नको ते बोलणारा माणूस इथे अगदी योग्य वेळी योग्य गोष्ट बोलतो. ब्रेंटला असा क्षण मिळण्यासाठी जवळजवळ मालिकेच्या शेवटापर्यंत थांबावं लागतं.

मायकलला प्रेमळ का करावं लागलं?

याचं उत्तर संस्कृतीत आहेच, पण त्याआधी ते हिशोबात आहे.

बीबीसीवर जाहिराती नसतात. टीव्ही पाहणारी घरं दरवर्षी लायसन्स फी भरतात, त्यातून तिचा खर्च भागतो. तिथे एक-दोन लेखक मिळून ६ एपिसोड लिहितात आणि सांगायचं संपलं की थांबतात. जॉन क्लीझ आणि कॉनी बूथ यांच्या ‘फॉल्टी टॉवर्स’ या गाजलेल्या मालिकेचे १९७५ आणि १९७९ मिळून फक्त १२ एपिसोड आहेत.

अमेरिकेतल्या मोठ्या चॅनेलचं गणित वेगळं होतं. उत्पन्न जाहिरातींचं. एका सीझनला साधारण २२ ते २४ एपिसोड. मालिका शंभरच्या आसपास एपिसोडपर्यंत पोहोचली, तर तिचे पुनःप्रसारणाचे हक्क इतर चॅनेलना विकता येत, आणि मोठा नफा तिथेच असे. म्हणून लेखकांची अख्खी टीम बसते आणि मालिका वर्षानुवर्षं चालेल अशी रचावी लागते.

आता विचार करा. ब्रेंटसारख्या माणसाला १४ एपिसोड सहन करता येतं. अमेरिकन ‘द ऑफिस’ २०१३ पर्यंत चालली, ९ सीझन, २०१ एपिसोड. इतकी वर्षं दर आठवड्याला जो माणूस घरात येणार, तो थोडा तरी आपलासा वाटायला हवा.

हरणाऱ्याकडे बघायची नजर

हिशोबापलीकडचा फरकही आहे. जर्व्हेसने २०११ मध्ये ‘टाइम’ मासिकात याच विषयावर लिहिलं होतं. त्याचा मुद्दा थोडक्यात असा: अमेरिकेत मुलाला सांगतात की तू राष्ट्राध्यक्षसुद्धा होऊ शकतोस, आणि ब्रिटनमध्ये सांगतात की असलं काही आपल्या नशिबात नसतं.

ब्रिटिश कॉमेडीचा नायक बहुतेक वेळा स्वतःला आपल्या पायरीपेक्षा वरचा समजतो आणि त्याच पायरीवर आपटतो. यामागे तिथली वर्गव्यवस्था आहे. ‘फॉल्टी टॉवर्स’मधला हॉटेलमालक बॅझिल उच्चभ्रू पाहुण्यांपुढे लोटांगण घालतो आणि बाकीच्यांवर खेकसतो. दर भागात तोंडघशी पडतो आणि काहीही शिकत नाही. ‘ब्लॅकॅडर’ या मालिकेचा १९८९ मधला शेवट तर पहिल्या महायुद्धाच्या खंदकात होतो. सगळी पात्रं मरणाच्या दिशेने धावत जातात.

अमेरिकन सिटकॉममध्ये पात्रं चुकतात, भांडतात, पण बऱ्याचदा शेवटी कोणीतरी कोणालातरी मिठी मारतं. माणूस सुधारू शकतो, मित्र हेच कुटुंब होऊ शकतं, हा विश्वास ‘फ्रेंड्स’सारख्या मालिकेच्या मुळाशी आहे.

उसन्या मालिकांचा जुना इतिहास

ब्रिटिश मालिका उचलण्याचा प्रकार अमेरिकेत जुना आहे. बीबीसीच्या ‘टिल डेथ अस डू पार्ट’मधल्या हेकट बापावरून नॉर्मन लिअरने १९७१ मध्ये ‘ऑल इन द फॅमिली’ आणली. ती प्रचंड गाजली, कारण वाद अमेरिकेतले होते: वर्णभेद, व्हिएतनाम युद्ध, स्त्रियांचे हक्क.

उलट उदाहरणंही आहेत. ‘फॉल्टी टॉवर्स’वरून १९८३ मध्ये ‘अमँडाज’ आली आणि काही महिन्यांत गेली. ‘कपलिंग’ची अमेरिकन आवृत्ती २००३ मध्ये ४ एपिसोडनंतर बंद झाली. पटकथा उचलता येते, पण तिच्या खालची माती सोबत येत नाही.

भारतालाही हा अनुभव आहे. ‘माइंड युअर लँग्वेज’वरून ‘जबान संभाल के’ आणि ‘येस मिनिस्टर’वरून फारूक शेख यांची ‘जी मंत्रीजी’ आली. मंत्र्याला गोल गोल फिरवणारा सचिव इथल्या प्रेक्षकांना वेगळा समजावून सांगावा लागला नाही.

मग ‘ब्रिटिश तिखट, अमेरिकन गोड’ हे खरं का?

अर्धंच. अमेरिकनांना उपरोध कळत नाही, हा तर निव्वळ गैरसमज आहे. ‘साइनफेल्ड’मध्ये पात्रांनी मिठ्या मारायच्या नाहीत आणि काही शिकायचंही नाही, असा लेखकांचा नियमच होता. ‘कर्ब युअर एन्थुझिअ‍ॅझम’ बघताना ब्रेंटइतकीच लाज वाटते. दोन्ही केबलच्या वाढत्या जमान्यातल्या, आणि दुसरी तर एचबीओ या जाहिराती नसलेल्या चॅनेलवरची, जिथे सीझन लहान असतात. हिशोब बदलला की विनोदही बदलतो, हे यातून दिसतं.

दुसऱ्या बाजूला ‘डॅड्स आर्मी’ किंवा ‘डिटेक्टरिस्ट्स’ या ब्रिटिश मालिका मायेने ओथंबलेल्या आहेत. खुद्द ब्रेंटची मालिकाही शेवटी दार थोडं उघडते. चित्रकार व्हायचं स्वप्न सोडून दिलेल्या डॉनला टिम रंगांची पेटी भेट देतो, आणि ती परत येते. ब्रेंटही त्याचा अपमान करणाऱ्या मित्राला अखेर सुनावतो. जे अमेरिकन मालिका दर काही भागांनी देते, ते ब्रिटिश मालिका शेवटच्या काही मिनिटांसाठी राखून ठेवते. म्हणूनच ते इतकं भिडतं.

तेव्हा ‘कोणता विनोद भारी’ हा प्रश्न फारसा कामाचा नाही. दोन्ही मालिका एकाच माणसाबद्दल आहेत: ज्याला सगळ्यांनी आपल्यावर प्रेम करावं असं वाटतं आणि ते मिळवायचं कसं हे कळत नाही. अमेरिकन मालिका सांगते, थोडा वेळ द्या, त्याला ते मिळेल. ब्रिटिश मालिका सांगते, कदाचित मिळणार नाही, पण तरीही त्याच्याकडे नीट बघा. प्रत्येक ऑफिसात असा एकजण असतो. त्याच्याकडे कोणत्या नजरेने बघायचं, ते आपल्यावर आहे.