जिल्हा ग्रामविकास निधी आणि परस्पर विमा

* जिल्हा ग्रामविकास निधी : महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, 1958 च्या कलम 133 नुसार ग्रामपंचायती आपल्या उत्पन्नाचा ठरावीक हिस्सा या निधीत भरतात आणि त्यातून त्यांनाच कर्ज मिळते. यात नफेखोरी नाही. तरी हा परस्पर विमा नव्हे. नळयोजनेचे पंपघर पुरात वाहून गेले तर ते पुन्हा उभारण्यासाठी घेतलेले कर्ज फेडावे लागते, विम्याची भरपाई फेडावी लागत नाही. परस्पर विम्यात सभासद पंचायती एकमेकींचे नुकसान वाटून घेतात आणि शिल्लकही त्यांचीच राहते. जुलै 2022 सारख्या पुरात वर्धा जिल्ह्यातील अनेक गावांना एकदम फटका बसला, तर परस्पर विम्याचा निधी पुरेल कसा, हा आक्षेप रास्त आहे. म्हणूनच असा निधी राज्यव्यापी हवा आणि त्याला पुनर्विम्याची जोड हवी.