लाव्हाच्या भूमीवरील अतिथिगृह

आइसलँडच्या रेक्यानेस द्वीपकल्पावर, ग्रिंडाविक गावाजवळ, 'ब्लू लगून' हे प्रसिद्ध स्नानस्थळ आहे. स्वार्त्सेंगी भूऔष्णिक वीज केंद्रातून बाहेर पडणाऱ्या उष्ण, खनिजयुक्त पाण्यामुळे हे तळे निर्माण झाले. सभोवतालचे लाव्हाक्षेत्र १२२६ सालच्या उद्रेकातील आहे.

येथे २०१८ साली ६२ दालनांचे अतिथिगृह सुरू झाले. त्याची रचना 'बासाल्ट आर्किटेक्ट्स' या आइसलँडच्या संस्थेने केली. लाव्हातील भेगा आणि उंचसखलपणा यांना अनुसरून इमारतीची मांडणी करण्यात आली असून काही ठिकाणी मूळ खडकच भिंतीचे काम करतो.

तथापि, भूमीशी एकरूप झालेली वास्तू भूमीच्या कोपापासून मुक्त नसते. भूकंपांच्या मालिकेनंतर नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्लू लगून बंद करण्यात आले व ग्रिंडाविकच्या रहिवाशांना हलवण्यात आले. १८ डिसेंबर २०२३ पासून परिसरात वारंवार उद्रेक झाले. वीज केंद्र आणि स्नानस्थळाच्या रक्षणासाठी दगडमातीचे उंच बांध उभारण्यात आले. नोव्हेंबर २०२४ मध्ये लाव्हाखाली वाहनतळ गाडला गेला. अतिथिगृह मात्र बचावले आणि पुढच्याच महिन्यात स्नानस्थळ पुन्हा खुले झाले.

अशा प्रदेशात भिंतींच्या आराखड्याइतकेच महत्त्व संरक्षक बांधांना आणि पाहुण्यांना त्वरित बाहेर काढण्याच्या व्यवस्थेला असते, हेच या घटनांतून स्पष्ट झाले.