जयपूर फूट : सीमेपलीकडील औषधदान

जैन परंपरेत आहार, औषध, ज्ञान व अभय ही चार दाने सांगितली आहेत. त्यांपैकी औषधदान देशाच्या सीमा ओलांडून कसे गेले, याचे ठळक उदाहरण म्हणजे जयपूर फूट होय.

१९६८ च्या सुमारास जयपूरच्या सवाई मानसिंह रुग्णालयात कारागीर रामचंद्र शर्मा व अस्थिरोगतज्ज्ञ डॉ. प्रमोद करण सेठी यांनी हा रबरी पाय घडविला. तो लावून अनवाणी चालता येते, मांडी घालता येते, शेतात राबताही येते. १९७५ मध्ये, भगवान महावीरांच्या २५०० व्या निर्वाण महोत्सवाच्या काळात, श्री. देवेंद्रराज मेहता यांनी भगवान महावीर विकलांग सहायता समिती स्थापिली. तेव्हापासून गरजूंना हा पाय विनामूल्य मिळू लागला.

भारत स्वतः परकीय मदत घेत असतानाच १९६४ मध्ये 'आयटेक' योजनेद्वारे इतर देशांना तांत्रिक साह्य देऊ लागला होता. २०१२ मध्ये परराष्ट्र मंत्रालयात विकास भागीदारी प्रशासन स्थापन झाले. २०१८ मध्ये महात्मा गांधींच्या १५० व्या जयंतीनिमित्त 'इंडिया फॉर ह्युमॅनिटी' उपक्रमासाठी मंत्रालयाने या समितीस सोबत घेतले. खर्च शासनाचा, कारागिरी व सेवाभाव समितीचा, अशी ही विभागणी.

तथापि शिबिर संपते आणि पाय झिजतो. वाढत्या मुलास तर नवा पाय लागतोच. म्हणून त्या त्या देशात कारागीर तयार होणे व कायमची केंद्रे उभी राहणे अगत्याचे ठरते. घेणारा पुढे दात्यावर अवलंबून राहू नये, यातच औषधदानाची सार्थकता आहे.