मोजमाप कोणाच्या हाती?

मोटारीचा इतिहास सांगताना लेखक बहुधा मालकांची नावे, यंत्रांची अश्वशक्ती आणि कारखान्यांच्या उद्घाटनांच्या तारखा सांगतात. तो इतिहास खोटा नव्हे, पण अपुरा आहे. मोटार चालवणाऱ्याचे श्रम कोणी मोजले, कशाने मोजले आणि त्या मापाचा उपयोग कोणासाठी झाला, हा प्रश्न त्यात येत नाही. आज तर मोटार स्वतःच आपली हकीगत दूरच्या कचेरीला कळवू लागली आहे. म्हणून पालघर-बोईसरच्या श्रोत्यांपुढे हाच प्रश्न मांडण्याचे आम्ही योजले आहे.

मोजमापाचा झगडा या मुलखाला नवा नाही. १९४५ साली गोदावरी परुळेकर आणि किसान सभा यांच्या नेतृत्वाखाली वारली उठले. वेठबिगार संपवावी ही त्यांची पहिली मागणी. दुसरी होती पाचशे पौंड गवत कापण्यास अडीच रुपये मजुरीची. हे गवत मुंबईच्या जनावरांचा चारा होते. मागणी दराची खरी. पण दर वजनावर ठरतो, आणि म्हणून काट्यावर मजुराचीही नजर हवी, हे त्यातून ओघानेच येते. ज्याच्या हाती काटा, त्याच्या हाती मजुरी.

चाऱ्यावर चालणारी वाहने गेली आणि तेलावर चालणारी आली. जनरल मोटर्सने १९२८ साली मुंबईत सुटे भाग जोडून गाड्या तयार करण्यास आरंभ केला. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली आणि १९४७ पासून कुर्ल्याहून गाड्या बाहेर पडू लागल्या. नुसत्या जोडणीवर विसंबलेल्या परदेशी कंपन्यांना १९५३ नंतरच्या सरकारी धोरणामुळे गाशा गुंडाळावा लागला. पुढे हा धंदा पिंपरी-चिंचवड आणि चाकणकडे सरकला. आमच्या जिल्ह्याच्या वाट्याला मोटारी बनवण्यापेक्षा त्या हाकण्याचे कामच अधिक आले. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीतील माल चिल्हार फाट्याने मुंबई-अहमदाबाद महामार्गास लागतो, आणि त्या मालामागे शेकडो ड्रायव्हर-क्लीनरांची रात्र जाते.

या माणसांच्या कामाचे तास कायद्याने बांधलेले होते. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने दिवसाला आठ आणि आठवड्याला अठ्ठेचाळीस तास ठरवले, आणि लांब पल्ल्यासाठी काही सवलत ठेवली. २०२० च्या संहितेत तो कायदा विलीन झाला. परंतु तास ठरवणे निराळे आणि तास मोजणे निराळे. आमच्याकडे नोंद राहिली ती मालकाच्या वहीत. युरोपात १९७० साली ट्रकवर टॅकोग्राफ सक्तीचा करण्याचा नियम झाला. गाडी किती वेळ चालली, किती वेळ थांबली, वेग किती होता, हे सारे ते यंत्र कागदी चकतीवर रेघेने उमटवी. पुढच्या नियमांत एक साधे वाक्य होते: ड्रायव्हरने मागितल्यास मालकाने त्याला नोंदीची नक्कल दिली पाहिजे. आमच्या मते सबंध यंत्रापेक्षा त्या वाक्याची किंमत मोठी आहे.

आपल्याकडे यंत्र आले, ते वाक्य आले नाही. प्रवासी वाहतुकीच्या नव्या गाड्यांवर १ जानेवारी २०१९ पासून स्थान कळवणारे उपकरण आणि संकटकाळचे बटण सक्तीचे झाले. मालवाहू गाड्यांवर मालकांनी आपल्या सोयीने उपकरणे बसवली. त्यातील यंत्र उपग्रहाच्या संदेशावरून गाडीची जागा काढते, मोबाइलच्या जाळ्यातून ती कचेरीला पाठवते, आणि पडद्यावर गाडी ठिपक्यासारखी सरकत राहते. ठिपका थांबला एवढे पडद्याला कळते. का थांबला ते कळत नाही. एका टँकरवाल्याचा पगार ‘विनाकारण थांबा’ म्हणून कापला गेला होता. प्रत्यक्षात तो कारखान्याच्या फाटकाबाहेर माल उतरवण्याची पाळी येण्याची वाट पाहत होता. पुरावा त्याच्याच गाडीत होता, पण तो पाहण्याचा हक्क त्याला नव्हता.

गाडीची नोंद किती बोलकी असते, हे या जिल्ह्याने डोळ्यांनी पाहिले आहे. ४ सप्टेंबर २०२२ रोजी चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर झालेल्या अपघातात सायरस मिस्त्री आणि जहांगीर पंडोल यांचा अंत झाला. गाडी बनवणाऱ्या कंपनीने पोलिसांना अहवाल दिला तो असा, की धडकेपूर्वी पाच सेकंद वेग ताशी १०० किलोमीटर होता आणि धडकेच्या क्षणी ८९. म्हणजे साक्षीदार गाडीतच बसलेला होता. पण त्याची साक्ष वाचण्यासाठी पोलिसांनाही कंपनीकडे जावे लागले. मग साध्या ड्रायव्हरने कोणाकडे जावे?

आम्ही यंत्राचे वैरी नाही. अपघातात मदत लवकर पोहोचावी, चोरीस गेलेली गाडी सापडावी, रसायनाचा टँकर कोठे आहे ते कळावे, हे आम्हांसही हवे आहे. अठरा तास गाडी हाकायला लावणाऱ्या मालकाविरुद्ध याच नोंदीहून भक्कम पुरावा दुसरा नाही. पण २०२३ च्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यात नोकरीच्या कारणासाठी नोकराच्या संमतीवाचून त्याची माहिती वापरण्यास मालकाला मुभा आहे. हॉलंडमध्ये निराळे घडले. ४ एप्रिल २०२३ रोजी अॅमस्टरडॅमच्या अपील न्यायालयाने उबर आणि आपल्या भारतातील ओला यांच्याविरुद्ध निकाल देऊन ड्रायव्हरांचा आपल्या माहितीवरील हक्क बहुतांशी मान्य केला. तो दावा ड्रायव्हरांनी आपल्या संघटनेच्या पाठबळावर लढवला होता. जो हक्क परदेशातील ड्रायव्हर भारतीय कंपनीकडून मिळवतो, तो बोईसरच्या ड्रायव्हरला नाकारण्याचे कारण काय?

आमचे मागणे तीन कलमांत मावते. गाडीतील नोंदीची नक्कल दर महिन्यास पगारपत्रकाबरोबर ड्रायव्हरला मिळावी. नुसत्या यंत्राच्या सांगण्यावरून, ड्रायव्हरचे म्हणणे ऐकल्यावाचून, पगार कापू नये. आणि कामाचे तास तपासणाऱ्या सरकारी निरीक्षकाने प्रथम तीच नोंद मागवावी. यासाठी नवे यंत्र लागत नाही. ते गाडीत बसलेलेच आहे. १९४५ साली ज्यांनी गवताच्या वजनाचा दर मागितला, त्यांच्या हाती अक्षरही नव्हते, एकी होती. आज बोईसरच्या ड्रायव्हराच्या खिशात फोन आहे आणि अक्षरओळखही आहे. उरला प्रश्न एकीचा, आणि तो कोणतेही यंत्र सोडवून देणार नाही.